आवाज गेल्यावर उरलेलं

१

दूरच्या एका केंद्रात बालवर्ग भरला होता. शिक्षिकेने 'शिदोरी' उघडली, ताईंचं गाणं लावलं आणि मुलांना म्हणाली, "आता ताई गातील, मग आपण गायचं हं." मुलं तोंडं उघडून बसली. फीत सुरू झाली, संपली. ताई गायल्याच नाहीत.

फीत कोरी मात्र नव्हती. एक खोली ऐकू येत होती. कुणी नुसतंच बसून असावं तशी खोली. एका मुलीने विचारलं, "बाई, ताई विसरल्या का?" शिक्षिकेच्या अंगावर काटा आला, कारण ताईंना जाऊन तोवर झाडांची पानं एकदा येऊन गळालीही होती.

'शिदोरी' म्हणजे परदेशात सांस्कृतिक केंद्रं चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीचं संकेतस्थळ. पाठ, गाणी, प्रदर्शनाची चित्रं, पाहुण्याचं स्वागत कसं करावं, नाटकाचे कपडे कसे टिकवावेत, सगळं त्यात. आपल्या भाषेपासून लांब एकट्या पडलेल्या माणसाला वाटेत पुरावं म्हणून कुणीतरी बांधून दिलेलं गाठोडंच ते. त्यातली अर्धी गाठ ताईंच्या हातची होती. किती केंद्रांतल्या किती जणांनी ताईंना पाहिलंही नव्हतं, पण नोकरीच्या पहिल्या दिवशी ताईंच्या आवाजाने त्यांना "ये, बस, घाबरू नकोस" म्हटलं होतं.

त्या दिवसानंतर दुसरं गाणं गेलं. मग तिसरं. दरवेळी आवाज तेवढा जायचा आणि खोली मागे राहायची. आणि दरवेळी, गाणं जाण्याच्या सुमारास, ताईंच्या नावापुढचा हिरवा ठिपका पेटायचा. शिदोरीत तो ठिपका एवढंच सांगतो: हे माणूस आत्ता आत आहे.

केंद्राकेंद्रांतून एकच वाक्य फिरू लागलं. ताई आपला आवाज परत न्यायला आल्यात.

२

मुख्य कार्यालयाने तपासनीसबाईंना पाठवलं ते ताईंच्याच केंद्रात. ठिपका याच इमारतीतून पेटतो, एवढं कळलं होतं.

बाई उतरल्या तेव्हा रस्त्यावर धुकं होतं आणि दुकानांचे दिवे सकाळीच लागले होते. केंद्र पहिल्या मजल्यावर. जिन्याच्या भिंतीवर ताईंची तसबीर, आणि तिच्यासमोरून जाताना संचालक किंचित अंग चोरून गेले, हे बाईंनी पाहिलं. बाईंची उमेदीची वर्षं ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत गेली होती. त्या माणसांकडे बघायच्या कमी, ऐकायच्या जास्त.

"संध्याकाळपर्यंत काय ते बघा," संचालक म्हणाले. "कार्यालय बंद होताना ताईंचं खातं कायमचं मिटवणार आहेत. म्हणजे हा खेळ तरी थांबेल."

"आणि गेलेला आवाज?"

संचालकांनी तंत्रज्ञाकडे बघितलं. तंत्रज्ञ म्हणजे पन्नाशीचे, पोट सुटलेले गृहस्थ. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंनी खुर्ची ओढली.

"असं आहे बाई. शिदोरीतलं काहीही आपण घ्यावं, बदलावं, 'जतन करा' दाबावं. आपली प्रत आपल्या खात्यात राहते, मूळ वस्तूला धक्का लागत नाही. नव्या माणसाला आम्ही पहिल्याच दिवशी हे शिकवतो. बिनधास्त दाब बाबा, काही बिघडत नाही! पण ज्याची वस्तू त्यानेच जतन केली, तर मूळच बदलतं. सगळीकडे, सगळ्या देशांत."

"म्हणजे ताईंच्या खात्यातूनच झालंय हे."

"त्याशिवाय होतच नाही. आणि मागची प्रत परत आणायची तर तीही ताईंच्याच खात्यातून. कलावंतांना तसा शब्द दिलेला आहे, तुमच्या वस्तूला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. त्यांचा परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर गेला."

"आणि खातं मिटवलं की?"

"की जे आहे तेच कायम. मुकी गाणी मुकीच." भाऊंनी कपाळाचा घाम पुसला. "भूत घालवायला निघालेत आणि घरच जाळतायत. मी ओरडून सांगितलं, पण तंत्रज्ञाचं कोण ऐकतो? पंखा बंद पडला की भाऊ. एरवी भाऊ कोण?"

"आवाज असा काढून घेता येतो?"

"येतो की. 'स्वर बाजूला करा' म्हणून बटणच आहे. मुख्य आवाज तेवढा निघतो. मुलांना नुसत्या साथीवर गाता यावं म्हणून. सगळे शिक्षक रोज वापरतात. पण ताई साथीशिवाय गायच्या. त्यांचा स्वर बाजूला केला की उरतं काय? शून्य."

बाईंनी कानांवर यंत्र चढवलं आणि डोळे मिटून त्या एक मुकी फीत ऐकू लागल्या. संचालक चुळबुळले. "अहो, त्यात काही नाहीये. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

"तुम्ही ताईंना ऐकत होतात," बाई म्हणाल्या. "म्हणून तुम्हाला काही ऐकू आलं नाही."

"म्हणजे?"

"त्या खोलीत शिवणयंत्र चालू आहे."

३

संचालकांनी आपणहूनच हात वर केले. "माझ्यावर संशय आहे ना? कबूल, ताईंच्या फिती जुन्या झाल्यात असं मी बैठकीत म्हणालो होतो. पण मी काढल्या असत्या तर पहिलं स्वागताचं भाषण काढलं असतं. ते अजून जागेवर आहे. आणि गेलं काय, तर 'नाटकाच्या कपड्यांची घडी कशी घालावी'! ते कोण चोरतो हो?"

बाई हसल्या. तक्रारीच्या भरात माणूस फार उपयोगाचं बोलून जातो. त्यांनी गेलेल्या आणि राहिलेल्या फिती शेजारी शेजारी लावून पाहिल्या. सगळ्यांच्या तोंडी असलेलं स्वागताचं भाषण शाबूत. शेवटच्या वर्षांत काचेच्या नव्या खोलीत केलेल्या सुंदर, स्वच्छ फिती शाबूत. गेल्या त्या मधल्या काळातल्या, जरा ओबडधोबड. आवाज परत न्यायला आलेल्या ताई आपला उत्तम आवाज मागे ठेवून का जातील?

शेजारच्या वर्गात भाषेचे मास्तर मुलांकडून पाढ्यासारखी क्रियापदं म्हणून घेत होते. मधल्या सुट्टीत बाई त्यांच्यापाशी गेल्या. मास्तर उंच, वाकलेले, कोटाच्या कोपरावर ठिगळ. ठिगळ नव्हे, कशिदाच वाटावा इतक्या नेटक्या टाक्यांचं.

"छान शिवलंय," बाई म्हणाल्या.

"आमच्या हिने. कपडेपट तीच सांभाळायची. ताईंच्या आधीच गेली ती." मास्तरांनी खडू पुसला. "पगार मास्तरचा, राबणं दोघांचं, असा आमचा संसार. रजिस्टरात तिचं नाव नाही, पण या केंद्राच्या नाटकातला एकही राजा तिच्या टाक्याशिवाय सिंहासनावर बसला नाही."

"गायच्या का त्या?"

"ती? छे. चारचौघांत तोंड उघडायची नाही. फोटोतसुद्धा बघा, कडेला अर्धी, हातात कात्री. तिला कोण बोलावणार गायला आणि कोण मुद्रित करणार?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या. खरंच ताई रागावल्या असतील का हो?"

"कशाबद्दल?"

"तसं नाही काही. सगळे म्हणतात म्हणून." घंटा झाली आणि मास्तर वर्गात शिरले.

४

दुपारी ताईंची लेक आली. औषधांच्या दुकानातून तशीच, पांढरा कोट अंगावर. तिने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं.

"माझं पत्र तुमच्या कार्यालयात असेल. हो, मी लिहिलं होतं की आईची अंगाई शिदोरीतून काढा. का लिहिलं तेही विचारा."

"का?"

"साळुंकी हे माझं लाडाचं नाव. आईने ते गाण्यात घातलं आणि गाणं जगाला वाटलं. कुठल्या कुठल्या देशातली पोरं माझ्या नावाने झोपली. आणि मी? आई इथे गात बसायची, मी कुठे असायची ते मला आठवतही नाही. घरी एकटी असेन. जगाची ताई होती ती, माझी आपली उरल्यासुरल्या वेळची आई." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "ते पत्र ती असताना लिहिलं होतं. आता ती नाही आणि मला बाळ झालंय. बाळाला तीच अंगाई लावते मी. तिला नात दिसली नाही, नातीला निदान आजी ऐकू तरी यावी."

"तुमच्याकडे प्रत आहे?"

"कशाला ठेवू? शिदोरीत आहेच की, असं म्हणत राहिले." तिने बोटं एकमेकांत गुंतवली. "अंगाई अजून आहे ना? की तीपण?"

"सकाळपर्यंत होती," भाऊ म्हणाले. "तेवढीच राहिलीय त्या काळातली."

बाई लेकीकडे बघत होत्या. "लहानपणी झोप कशी लागायची तुम्हाला?"

"हा काय प्रश्न?" लेकीने नाक मुरडलं, मग एकदम म्हणाली, "एक वेडेपणा सांगू? डांबरगोळ्यांचा वास आला की मला झोप येते. आमच्या दुकानात विकायला असतात ना. गिऱ्हाईक समोर आणि मी जांभया देतेय! मालक म्हणतात, तुला पाळण्यात डांबरगोळ्या टाकून वाढवली की काय."

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "लावा ती अंगाई."

५

शेजारचा वर्ग सुटला होता. मुलांचे बूट जिन्यावरून धडधडत खाली गेले आणि इमारत एकदम रिकामी झाली. खिडकीबाहेर धुकं परत उतरत होतं. भाऊंनी अंगाई लावली.

नीज नीज गं साळुंके, दिवा मंद मी करिते,
तुझ्या डोळ्यांतली वाट पदराने मी झाडिते...

मेलेल्या माणसाचा आवाज ऐकताना ऐकणारा नकळत श्वास धरतो. चौघांनीही धरला होता. ताई पुन्हा पुन्हा तीच ओवी गात होत्या, दरवेळी जरा हळू, आणि मग मधेच, ओळ पुरी न करता, गाणं थांबलं.

"नेहमी असंच थांबतं," संचालक पुटपुटले. "पुढची ओवीच नाही. म्हणून मी म्हणत होतो, नव्याने..."

"अहो," भाऊंनी बोट केलं. "अहो, तिकडे बघा."

पडद्यावर ताईंच्या नावापुढे हिरवा ठिपका पेटला होता.

संचालकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, जणू दाखवत होते की हे बघा, माझे हात इथे आहेत. लेक पुढे झुकून म्हणाली, "आई?"

"परत लावा," बाई म्हणाल्या. "लवकर."

भाऊंनी परत लावली. आवाज नव्हता. जिथे आत्ता ताई होत्या, तिथे फक्त खोली होती. लेक ताडकन उठली, खुर्ची मागे पडली. "नको! अहो, थांबवा कुणीतरी! ही एकच उरली होती!"

बाईंनी कानांवरचं यंत्र दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. फीत शेवटाला आली तशा त्या दचकल्या.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"शेवटी कुणीतरी बोललं."

"ताई?"

"नाही," बाई म्हणाल्या. "दुसरीच बाई."

६

"भूत असो की चोर," बाई उभ्या राहिल्या, "आपण सगळे एकच प्रश्न विचारत बसलो, की त्याने नेलं काय. आता मागे काय ठेवलंय ते बघा. तुम्ही तिघं माझ्यासमोर होतात. या इमारतीत आणखी कोण आहे?"

"मास्तर," संचालक म्हणाले. "पण मास्तर तर ताईंच्या नुसत्या नावाने रडतात!"

"भाऊ, गेलेल्या सगळ्या फिती कुठल्या खोलीत झाल्या होत्या? काचेच्या नव्या खोलीत नाही. तिथे शिवणयंत्र कुठून येणार?"

भाऊंनी कपाळावर हात मारला. "कपडेपट! काचेची खोली होण्याआधी ताई कपडेपटात बसून गायच्या. भिंतभर कपडे टांगलेले, म्हणून आवाज घुमायचा नाही. फुकटची मुद्रणशाळा, म्हणायच्या."

"तिथे संगणक आहे?"

"केंद्राचे जुने सगळे मी भंगारात..." भाऊ थांबले. "एक ताईंचा स्वतःचा होता. तो आमचा नव्हताच, मग आम्ही त्याला हात कसा लावणार? पण तो तर कधीचाच बंद पडला असेल!"

"ताई त्यातून शिदोरीत शिरल्या आणि बाहेर पडल्याच नसतील, तर? परवलीचा शब्द लागेल?"

"नाही," भाऊंचा आवाज बारीक झाला. "झाकण उघडलं की थेट ताईंच्या खात्यात. ठिपका पेटणार."

"आणि बसणाऱ्याला वाटणार, मी आपल्याच खात्यात आहे."

ते चौघं मागच्या बोळातून निघाले. टोकाला कपडेपटाचं दार. दाराच्या फटीतून उजेडाची रेघ बाहेर पडली होती, आणि रेघेबरोबर एक आवाज. अगदी बारीक, नाकातल्या नाकात गुणगुणणारा. बाईमाणसाचा.

लेकीने बाईंचा दंड घट्ट धरला. तपासनीसबाईंनी दार ढकललं.

७

आत राजे, शेतकरी, म्हाताऱ्या आणि परकर-पोलकी डोक्याशिवाय टांगलेली होती. त्यांच्यामध्ये बुटक्या स्टुलावर मास्तर बसले होते, गुडघे छातीशी घेऊन, जुन्या संगणकाला कान लावून. समोरची शिवणयंत्राची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर मात्र धूळ नव्हती.

मास्तरांनी वर पाहिलं. दचकले नाहीत. ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "श्श. संपत आलंय."

गुणगुणणं थांबलं. शिवणयंत्राचं चाक एकदा फिरलं. आणि मग, इतक्या हळू की कपड्यांची सळसळ वाटावी, एक बाई म्हणाली, "झोपली हो ताई. थांबा आता."

मास्तरांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते लहान मुलासारखे हसत होते. "ऐकलंत? आमची ही. गात नव्हती म्हणालो ना मी तुम्हाला? खोटं नव्हतो बोलत, मला ठाऊकच नव्हतं. ती गेल्यावर घरभर शोधलं, कुठे तिचा आवाज सापडतो का. नाही सापडला. मग ताई गेल्या. एकदा वर्गासाठी एका गाण्यातला स्वर बाजूला केला, इथेच बसून, आणि मागून ही निघाली! खोकली. कात्री ठेवली. मग रोज एक फीत. अंगाई मुद्दाम मागे ठेवली होती, गोड घास शेवटी खावा तशी."

"मास्तर," संचालक फुटले, "अहो, तुम्ही सगळ्या जगातून ताईंचा आवाज पुसलात!"

"मी?" मास्तर गोंधळून उठले. डोकं एका राजाच्या बाहीला लागलं. "मी तर माझी प्रत केली. 'जतन करा' दाबलं. आपणच शिकवतो ना सगळ्यांना, काही बिघडत नाही म्हणून?"

बाईंनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे ताईंचं नाव होतं. मास्तरांनी चष्मा वर करून ते वाचलं, परत वाचलं, आणि मटकन स्टुलावर बसले.

"सगळे म्हणायचे, ताई आवाज परत नेतायत. मी मनात म्हणायचो, ताई गप्प राहून माझ्या हिला बोलू देतायत. तिला जागा करून देतायत. कधी वाटायचं, रागावल्या तर नसतील, त्यांच्या गाण्यातून मी दुसरीलाच ऐकत बसलो म्हणून? पण ते मीच... माझ्या हातांनी..." त्यांनी हात पुढे केले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "पोरी, तुझी आई मीच नेली गं."

पण लेक त्यांच्याकडे बघत नव्हती. ती टांगलेल्या कपड्यांजवळ गेली होती. एका पोलक्याच्या खिशातून डांबरगोळीची पुडी डोकावत होती. तिने कपड्यांत चेहरा खुपसला.

"मास्तरकाका," ती कपड्यांतूनच म्हणाली, "कोण झोपली?"

"अं?"

"काकू म्हणाली ना, झोपली हो ताई. कोण झोपली?"

मास्तरांनी डोळे पुसले. "तूच की. दुसरं कोण? घरी तुला कोणाजवळ ठेवणार? तू हिच्या मांडीवर, हिचा एक पाय यंत्रावर, आणि समोर तुझी आई गातेय. तू झोपलीस की ही खूण करायची आणि ताई गाणं तिथल्या तिथे तोडायच्या. मी एकदा म्हटलंसुद्धा, ताई, अर्धं गाणं जगाला पाठवता? तर म्हणाल्या, मास्तर, जगासाठी कोण गातंय? जगाने ऐकलं तर ऐकू दे."

८

बाहेर अंधारून आलं होतं. कार्यालय बंद व्हायला फार अवधी नव्हता, आणि भाऊंची बोटं त्यांच्या पोटाला न शोभेल इतक्या चपळाईने चालू लागली. आधी मास्तरांच्या सगळ्या मुक्या फिती त्यांनी वेगळ्या काढून, एका चकतीवर उतरवून मास्तरांच्या हातात दिल्या. "घ्या. आता कुणाचं काही न पुसता ऐका. आणि कृपा करून घरच्या संगणकावर!"

मग ताईंच्या उघड्या खात्यातूनच एकेक करून मागच्या प्रती परत आणल्या. शेवटच्या प्रतीला भाऊ उठले आणि लेकीला खुर्ची दिली. तिने बटण दाबलं. काही झालं नाही. मग कपड्यांच्या भिंतींमध्ये, घुमल्याशिवाय, अगदी जवळून ताई म्हणाल्या, नीज नीज गं साळुंके.

आता सगळ्यांनाच मागची गुणगुण ऐकू येत होती. ती कायम तिथेच होती. आजवर कुणाचा कानच तिकडे गेला नव्हता.

संचालक दाराशी उभे राहून घसा साफ करत होते. "बाई, अहवालात काय लिहिणार? मास्तरांची नोकरी..."

"लिहीन की एका शिक्षकाने 'जतन करा' दाबलं. गुन्हा असेल तर शिदोरीतल्या प्रत्येकाला पकडायला लागेल. आणि खातं मिटवायचं असेल तर आता खुशाल मिटवा." बाईंनी कानांवरचं यंत्र पिशवीत ठेवलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्या थकलेल्या दिसल्या.

मास्तर अजून स्टुलावरच होते, चकती छातीशी धरून. लेक त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"काका, पुढची ओवी होती का हो? की आईने एवढीच रचली?"

"रचली हिने. ताई फक्त गायच्या." मास्तर संकोचले. "पुढची होती. पण तू तिथवर कधी जागीच राहिली नाहीस."

"तुम्हाला येते?"

"मी काय गाणार पोरी? कावळ्याचा गळा माझा."

"म्हणा ना."

मास्तरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा रिकाम्या खुर्चीकडे. भाऊंचा हात आपसूक मुद्रणाच्या बटणाकडे गेला, आयुष्यभराची सवय. मास्तरांच्या ते लक्षात आलं नाही, लेकीच्या आलं. तिने मानेनेच नको म्हटलं. भाऊंनी हात मागे घेतला.

मास्तर गायले. सूर फाटका होता आणि एका ठिकाणी तुटलाच, पण शब्द नीट होते.

वाट झाडून झाली गं, जाशील तू दूरदेशी,
हाक माझी ठेव बाई, घडी घालून उशाशी.

लेकीने डोळे मिटले नव्हते. ती टक्क जागी राहून ऐकत होती.